दोन बोटांचा जँगो

गेल्या महिन्यात ओपीडीत एक मुलगा आला. अभियांत्रिकीचा विद्यार्थी, डाव्या मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळलेले. अंगठ्याच्या मुळाशी दुखते, बाटलीचे झाकण उघडवत नाही, चावी फिरवताना कळ येते, अशी तक्रार. गिटार वाजवतो. पंधरा दिवसांवर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी रोजचा सराव एका तासावरून पाच तासांवर नेला होता. एखादे जोरदार इंजेक्शन द्या, म्हणजे स्पर्धा निघून जाईल, एवढीच त्याची मागणी. मी हात थांबवायला सांगितले, तसे त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर बारीक मिशीचा, ओठात सिगारेट धरलेला एक गिटारवाला. हा माणूस जळलेल्या हाताने दोन बोटांवर वाजवत होता, मग मी नुसत्या दुखण्यासाठी का थांबू, असा त्याचा युक्तिवाद.

बाहेर ऐंशी रुग्णांची रांग होती, तेव्हा तिथे वाद घालणे शक्य नव्हते. पण घरी गेल्यावर या माणसाचे चरित्र वाचले, आणि एका हाडामांसाच्या डॉक्टरला त्यात जे दिसले ते इथे सांगावेसे वाटते.

जँगो राइनहार्ट. कागदोपत्री नाव जाँ. जन्म २३ जानेवारी १९१०, बेल्जियममधल्या लिबेरशी या गावी. कुटुंब मानुश, म्हणजे आपण ज्यांना ढोबळपणे जिप्सी म्हणतो त्या रोमानी लोकांपैकी. घोड्याच्या गाडीतले घर, आज इथे, उद्या तिथे. बालपण बहुतेक पॅरिसच्या वेशीबाहेरच्या तळांवर गेले. शाळा जवळपास नाहीच. लिहिणे-वाचणे जेमतेम, आणि स्वरलिपी तर त्याला आयुष्यभर वाचता आली नाही.

थोडे विषयांतर करतो. या लोकांचे पूर्वज काही शतकांपूर्वी उत्तर भारतातून पश्चिमेकडे गेले, आणि त्यांच्या भाषेत त्याच्या खुणा अजून आहेत. रोमानीत हाताला ‘वस्त’ म्हणतात, तो आपला ‘हस्त’. दुखण्याला ‘दुख’, आणि दुखते आहे याला ‘दुखल’. जँगो या नावाचाही अर्थ ‘मी जागा आहे’ असा सांगतात. माझ्या ओपीडीत साताऱ्याहून आलेली आजी ज्या शब्दाने गुडघा दाखवते, जवळजवळ त्याच शब्दाने जँगोची आई आपले दुखणे सांगत असेल, हे वाचून मला फार मौज वाटली.

बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हाती बँजो-गिटार आले. लोकांची बोटे बघायची आणि तसे वाजवायचे, हीच शिकवणी. पंधराव्या वर्षी तो पॅरिसच्या नाचघरांत अ‍ॅकॉर्डियनवाल्यांच्या साथीला बसून पोट भरत होता. १९२८ साली पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांवर त्याचे नाव चुकीचे छापले गेले. त्याला ते वाचता येत नव्हतेच. त्याच वर्षी जॅक हिल्टन या इंग्लंडमधल्या नामवंत बँडप्रमुखाने त्याला ऐकले आणि तिथल्या तिथे नोकरी देऊ केली. अठरा वर्षांच्या पोराला यापेक्षा काय हवे?

ती नोकरी सुरू व्हायच्या आत, २ नोव्हेंबर १९२८ रोजी, रात्री काम संपवून तो आपल्या गाडीत परतला. बायको बेला सेल्युलॉइडची फुले बनवून विकायची. गाडी त्या फुलांनी भरलेली. मेणबत्ती कलंडली. सेल्युलॉइड हा पदार्थ कसा पेटतो, हे जुन्या सिनेमा थिएटरांच्या प्रोजेक्टर खोलीत काम केलेल्यांना विचारा. क्षणात गाडीचा भडका झाला. दोघेही जिवंत बाहेर आले, पण जँगोचे जवळपास निम्मे शरीर भाजले होते. उजवा पाय आणि डावा हात यांची अवस्था सर्वांत वाईट.

निम्मे शरीर भाजलेला रुग्ण आजही आमच्या पोटात गोळा आणतो. तेव्हा तर प्रतिजैविके नव्हती. योगायोग असा की लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशीत पेनिसिलिनची बुरशी उगवली ती याच वर्षीच्या सप्टेंबरात. पण तिचे औषध होऊन रुग्णांपर्यंत पोहोचायला आणखी दहा-पंधरा वर्षे लागायची होती. डॉक्टरांनी पाय कापण्याचा सल्ला दिला. जँगोने नकार दिला आणि रुग्णालय सोडले. आमच्या वॉर्डात याला ‘डामा’ म्हणतात, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी जाणे. त्याचा पाय वाचला, वर्षभरात तो काठी टेकत चालू लागला. पण त्या डॉक्टरांना मी मूर्ख म्हणणार नाही. कुजणाऱ्या पायाचे विष रक्तात भिनून तरुण माणसे गेलेली त्यांनी पाहिली होती. जँगो वाचला म्हणून त्याचा निर्णय बरोबर ठरला. जे वाचले नाहीत त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

आता हाताकडे येऊ. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. असे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. हाताच्या मागच्या बाजूची कातडी पातळ असते. स्वतःच्या हाताची चिमटीत धरून पाहा, लगेच वर येते. तिच्या खाली लगोलग बोटे सरळ करणाऱ्या कंडरा असतात. भाजण्याची धग तिथवर सहज पोहोचते. जखम भरताना व्रण आकसतो आणि बोटाला आपल्याबरोबर ओढतो. बोट वाकते, आणि काही आठवडे तसेच राहिले तर सांधाच धरतो. आज आम्ही हात भाजलेल्या रुग्णाला पहिल्या दिवसापासून स्प्लिंट बांधतो: मनगट किंचित मागे, मुठीचे सांधे वाकलेले, बोटे सरळ. गरज असेल तर लवकर त्वचारोपण करतो, आणि हाताची फिजिओथेरपी सुरू करतो. रुग्ण ओरडतो, नातेवाईक रागावतात, तरी करतो. जँगोला यातले काही मिळाले असते तर ती दोन बोटे कदाचित बरीच वाचली असती.

त्याला मिळाली ती एक गिटार. धाकटा भाऊ जोसेफ, स्वतः चांगला गिटारवादक, त्याने ती खाटेवर आणून दिली. गिटारीत डाव्या हाताची चार बोटे तारा दाबतात. त्यातली दोन गेली म्हणजे निम्मा कारभार गेला. दुखण्यातून उठायला त्याला सुमारे दीड वर्ष लागले, आणि त्या काळात त्याने हात नव्याने बसवला. एकेरी सुरांचे काम तर्जनी आणि मधल्या बोटाकडे दिले. आखडलेल्या बोटांना त्याने सरळ व्हायला भाग पाडले नाही. ती जिथे आपोआप पोहोचत होती तिथे, म्हणजे स्वरसंघात वाजवताना वरच्या दोन बारीक तारांवर, टेकवून घेतली.

माझ्या दृष्टीने यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट पुढेच आहे. चार बोटांचा वादक एका जागी हात ठेवून बोटे ताणतो. जँगोला ते शक्यच नव्हते. म्हणून त्याचा अख्खा हात गिटारीच्या मानेवर खालीवर धावू लागला. म्हणजे जे ओझे लहान बोटांवर आणि मनगटावर पडले असते ते कोपराने आणि खांद्याने उचलले. उजव्या हाताचेही असेच. त्या परंपरेत पंजा लाकडावर टेकत नाही, अधांतरी राहतो, आणि पट्टीचा घाव वरून खाली पडतो. मनगट थोडे वाकलेले दिसते, आजचा एखादा शिक्षक नाक मुरडेल. पण जोर आवळून लावलेला नसतो, हाताच्या वजनातून येतो.

आता आमच्या विद्यार्थ्याचा हात. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवले तर तो कळवळला. अंगठ्याच्या दोन कंडरा मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. तो बोगदा जाड झाला की आतली ये-जा घासू लागते. फ्रिट्झ दे केर्वँ या स्विस शल्यवैद्याने १८९५ मध्ये याचे वर्णन केले, त्याचेच नाव या आजाराला आहे. तान्ही मुले सतत उचलणाऱ्या आयांना हा आजार सर्वांत जास्त होतो. या मुलाला तो का झाला, हे गिटार आणायला लावल्यावर कळले. तो सोफ्यात रेलून, गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवत होता. त्यामुळे डावे मनगट जवळजवळ काटकोनात वाकलेले. तारा लाकडापासून इतक्या उंच की दाबायला दुप्पट जोर लागावा, आणि तो जोर अंगठ्याने मानेला मागून चिमटून काढला जात होता. त्यावर रोजचे पाच तास.

मनगट वाकवून मूठ आवळा: पकड कमजोर लागेल. सरळ करून आवळा: तीच पकड घट्ट. मनगट वाकलेले असताना कंडरा कोपऱ्यावर घासतात आणि मधल्या नसेवरचा दाबही वाढतो. म्हणून आधी बसणे सुधारायचे: सरळ खुर्ची, एका पायाखाली पाट किंवा खांद्याला पट्टा, गिटारीची मान वर उचललेली. दुरुस्तीवाल्याकडून तारांची उंची कमी करून घ्यायची, हलक्या तारा लावायच्या. सूर स्वच्छ निघायला खरोखर किती जोर लागतो ते एकदा तपासून पाहायचे. बहुतेक जण गरजेपेक्षा फार जास्त दाबतात. वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली सोडून पाच मिनिटे थांबायचे. सराव वाढवायचा तर आठवड्याला थोडा थोडा.

बोटांच्या टोकांची सुरुवातीची हुळहुळ किंवा वाजवून झाल्यावर येणारा थकवा रात्रभरात उतरत असेल, तर त्याची काळजी नको. पण वाजवताना ठरावीक जागी कळ येत असेल, दुसऱ्या दिवशीही राहत असेल, अंगठा-तर्जनी-मधले बोट रात्री बधिर होऊन झोपमोड होत असेल, किंवा करंगळीला मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. आणखी एक फसवा प्रकार आहे. दुखत काहीच नाही, पण वाजवायला लागले की एखादे बोट आपोआप आत वळते. अशा वेळी वादक जास्त सराव करतो आणि बिघाड पक्का होतो. हे मेंदूकडून येणाऱ्या हुकमातले बिघडणे असते, तिथे थांबणे आणि न्यूरॉलॉजिस्टला भेटणे हाच मार्ग.

इंजेक्शनचे म्हणाल तर दे केर्वँच्या आजारात स्टिरॉइडचे इंजेक्शन असते आणि ते पुष्कळांना लागू पडते. पण ते घेऊन दुसऱ्या दिवशी पाच तास वाजवायला ते बनलेले नाही. मी त्याला अंगठ्याचा स्प्लिंट दिला, आणि ती स्पर्धा सोडायला सांगितले. जँगोने दीड वर्ष काढले, तू सहा आठवडे काढ, असेही सुनावले. तो खूश झाला नाही.

जँगोच्या हाताचा एक वारसदार इंग्लंडमध्ये निघाला. टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या कारखान्यात दोन बोटांची टोके गमावून बसला, तेव्हा त्याच्या फोरमनने त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली. आयोमीने प्लॅस्टिक वितळवून टोपणे केली, बँजोच्या हलक्या तारा लावल्या, पुढे तारा सैलही केल्या. ब्लॅक सबाथचा तो भारदस्त आवाज त्यातून आला. त्यानेही बोटांवर जुलूम केला नाही, वाद्य सोपे केले.

जँगोची पुढची कीर्ती संगीतप्रेमींना माहीत आहे. १९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीबरोबर पॅरिसच्या हॉट क्लबचा पंचक जमला: तीन गिटारी, एक व्हायोलिन, एक बास, ढोल नाही. महायुद्ध पेटले तेव्हा सगळे लंडनमध्ये होते. ग्रापेली तिथेच थांबला, जँगो पॅरिसला परतला. नाझी रोमानी लोकांना छावण्यांत मारत होते, आणि हा त्याच व्यापलेल्या शहरात प्रसिद्धीच्या शिखरावर. ‘न्वाज’, म्हणजे ढग, ही त्याची धून १९४० ची. स्वित्झर्लंडला निसटण्याचा प्रयत्न फसला, तरी तो जगला. १९४६ च्या नोव्हेंबरात ड्यूक एलिंग्टनबरोबर अमेरिकेत वाजवले. कार्नेगी हॉलच्या दुसऱ्या रात्री उशिरा पोहोचला. वेळ पाळणे त्याला कधीच जमले नाही.

१९५१ मध्ये तो फाँतेनब्लोजवळच्या साम्वा-सुर-सेन या नदीकाठच्या गावी राहायला गेला. मासेमारी, चित्रे काढणे, मधूनच पॅरिसला जाऊन वाजवणे. १९५३ च्या एप्रिलमध्ये शेवटचे ध्वनिमुद्रण झाले, हात तेव्हाही तितकाच चपळ. १६ मे १९५३, शनिवार. पॅरिसहून परतून तो आव्हाँच्या स्टेशनावरून घराकडे चालत आला आणि घराबाहेरच कोसळला. मेंदूत रक्तस्राव. सुट्टीचा वार असल्याने डॉक्टर मिळायला फार वेळ गेला. वय ४३.