थरथरत्या खुर्चीचा डॉक्टर

जिममधल्या त्या थरथरणाऱ्या प्लेटवर तुम्ही कधी उभे राहिलायत? बटण दाबलं की तळपायापासून दातांपर्यंत सगळं हलायला लागतं. यानं तोल सुधारतो, मेंदू तरतरीत होतो, असं सांगितलं जातं. आयडिया अगदी आजची वाटते ना? पण हादऱ्यांनी उपचार करायचा विचार १८९२ मध्ये पॅरिसच्या एका बड्या डॉक्टरनंही केला होता. त्यांचं नाव ज्याँ-मार्तँ शार्को.

शार्कोंचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ चा. वडील घोडागाड्या बनवायचे. मुलगा डॉक्टर झाला आणि १८६२ मध्ये साल्पेत्रिएर रुग्णालयात प्रमुख डॉक्टर म्हणून रुजू झाला. ही जागा काही झगमगाटाची नव्हती. एकेकाळी तिथे बंदुकीची दारू ठेवली जायची, पुढे हजारो गरीब, म्हाताऱ्या, आजारी बायकांना तिथे आसरा मिळाला. इतरांना तिथे फक्त गर्दी दिसायची. शार्कोंना मात्र कुणीच नीट न अभ्यासलेले आजार दिसले.

त्यांची पद्धत साधी होती : आधी बघायचं, मग बोलायचं. पेशंट चालतो कसा, उभा कसा राहतो, हात कधी थरथरतो, हे ते बारकाईनं टिपायचे. पेशंटच्या मृत्यूनंतर मेंदू आणि मज्जारज्जू तपासून बाहेरच्या लक्षणांची सांगड आतल्या बिघाडाशी घालायचे. कंपवाताचं वर्णन इंग्लंडच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्येच केलं होतं. त्या आजाराला पार्किन्सनचं नाव द्यावं, हे सुचवलं शार्कोंनी. कंपवातात हात स्वस्थ असतानाही थरथरतो, तर मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये काही करायला गेलं की थरथरतो, हा फरक त्यांनी दाखवून दिला. लेक्चरमध्ये मागच्या बाकावरच्यांनाही थरथर दिसावी म्हणून ते पेशंटच्या डोक्यावर लांब पिसांची टोपी घालायचे म्हणे! १८८२ मध्ये त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या आजारांचं खास प्राध्यापकपद निर्माण झालं. १८८५ मध्ये तरुण सिग्मंड फ्रॉइडही त्यांच्याकडे शिकायला आला.

आता खुर्चीकडे येऊ. कंपवाताचे काही पेशंट त्यांना सांगायचे, की रेल्वेचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास करून आलं की बरं वाटतं. दुसरा कुणी हसून सोडून देता. गाडी बनवणाऱ्याच्या या मुलानं ते मनावर घेतलं. विजेच्या मोटरवर गदागदा हलणारी खुर्ची तयार करवून घेतली आणि पेशंटना रोज अर्धा अर्धा तास तिच्यावर बसवलं. थरथर फारशी कमी झाली नाही, पण अंग मोकळं वाटू लागलं, झोप चांगली लागू लागली, असं पेशंट सांगत. त्यांचे शिष्य जिल द ला तुरेत यांनी तर डोक्यावर घालायचं थरथरणारं हेल्मेटही काढलं!

पण १६ ऑगस्ट १८९३ ला शार्को गेले आणि खुर्चीची कसून तपासणी राहूनच गेली.

ती तपासणी का हवी होती, याचं उत्तर त्यांच्याच आयुष्यात सापडतं. हिस्टेरियावर त्यांनी संमोहनाचे गाजलेले प्रयोग केले. लोक गर्दी करून बघायला यायचे. पुढे मात्र कळून चुकलं, की डॉक्टरांना जे दिसायला हवं होतं, तेच पेशंट नकळत करून दाखवत होते. इतकी तीक्ष्ण नजरसुद्धा अपेक्षेपुढे फसली.

खुर्चीचंही तसंच काहीसं होतं का? २०१२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे तपासलं. कंपवाताचे काही पेशंट हलणाऱ्या खुर्चीत बसून आवाज ऐकत होते, बाकीचे न हलणाऱ्या खुर्चीत बसून. रोज अर्धा तास, महिनाभर. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, आणि जवळपास सारखीच! म्हणजे बरं वाटणं खरं होतं, पण त्याचं श्रेय हादऱ्यांना देता येत नव्हतं.

मग आजच्या प्लेट सगळ्या बोगस का? तसंही नाही. कंपनानं स्नायू पुन्हा पुन्हा किंचित ताणले जातात आणि त्याला उत्तर म्हणून आखडतात, त्यामुळे तोलाला फायदा होऊ शकतो या विचारात तथ्य आहे. पण तोलाबाबतच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि स्मरणशक्ती-एकाग्रतेबाबतचा पुरावा तर अजून कच्चाच आहे.

म्हणून घरातल्या आजी-आजोबांसाठी असं मशीन मागवायचा विचार असेल, तर जरा थांबा. तोल गेला तर हाड मोडतं, त्यामुळे डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना आधी विचारा. चालणं आणि तोलाचे साधे व्यायाम त्यांच्याकडून शिकून घ्या. आणि कुणी मला फरक पडला असं सांगितलं, तर शार्कोंसारखं मन लावून ऐका. फक्त त्यांची राहून गेलेली दुसरी पायरीही गाळू नका : हे मशीन न हलवताही तेवढाच फरक पडला असता का, हेही विचारा.