ऑक्सिजन संपला तरी शरीर ओरडत का नाही? जॉन स्कॉट हॉल्डेन यांची गोष्ट

स्मार्टवॉचच्या मागे लाल दिवा लुकलुकतो आणि स्क्रीनवर आकडा येतो: ऑक्सिजन 98%. कोरोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आला, तेव्हापासून हा आकडा आपल्या ओळखीचा झालाय. पण तो बघायला यंत्र का लागतं? तहान लागली की कळते, भूक लागली की कळते. मग ऑक्सिजन कमी झालेला का कळत नाही? याचं उत्तर शोधायला एका माणसाने स्वतःचंच शरीर प्रयोगाला लावलं. त्यांचं नाव जॉन स्कॉट हॉल्डेन.

बंद पेटीतला डॉक्टर

हॉल्डेन यांचा जन्म 1860 मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरातला. 1884 मध्ये ते डॉक्टर झाले, पण दवाखाना टाकला नाही. डंडी शहरात गरिबांच्या कोंदट खोल्यांमध्ये रात्री जाऊन त्यांनी तिथली हवा तपासली. पुढे ऑक्सफर्डला गेले आणि हवाबंद पेटीत स्वतः तासन् तास बसू लागले. आतली हवा खराब होत गेली की धाप लागायची, डोकं दुखायचं.

आता गंमत बघा. आपण श्वासातून ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. पेटीतला कार्बन डायऑक्साइड रसायनाने शोषून घेतला, तर ऑक्सिजन बराच कमी होईपर्यंत धाप लागतच नव्हती! 1905 मध्ये प्रिस्टली या सहकाऱ्यासोबत त्यांनी हे आकड्यांत मांडलं. फुप्फुसाच्या खोल भागातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड अवघा 0.2% वाढला, तरी श्वासाचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं.

म्हणजे श्वासाचा मुख्य अलार्म कार्बन डायऑक्साइडवर वाजतो. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारे सेन्सरही मानेत आहेत, पण ते जोरात ओरडतात तोवर पातळी बरीच खाली गेलेली असते. कोरोनात काही पेशंट 80% ऑक्सिजनवरही आरामात फोनवर बोलत होते, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

खाणीत मरतं कोण, आणि कशाने?

जानेवारी 1896 मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि 57 कामगार गेले. हॉल्डेन यांनी मृतदेह तपासले, तेव्हा बहुतेक जण स्फोटाने मेलेच नव्हते. त्यांचा जीव कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. हॉल्डेन यांनी तो आधीच स्वतः हुंगून पाहिला होता, रक्ताचा निम्म्याच्या आसपास भाग त्याने व्यापेपर्यंत.

उपाय म्हणून त्यांनी सुचवलं की खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावा. छोट्या जिवाचा श्वास जलद चालतो, त्यामुळे विष त्याला आधी चढतं. पक्षी दांडीवरून पडला की माणसांनी बाहेर पळायचं. ब्रिटनच्या खाणींत हे जिवंत सेन्सर 1986 पर्यंत कामावर होते.

पहाडावर पाच आठवडे

1911 मध्ये हॉल्डेन तीन शास्त्रज्ञांसोबत अमेरिकेतल्या पाइक्स पीक शिखरावर पाच आठवडे राहिले. उंची सुमारे 4,300 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीच पटीहून जास्त. सुरुवातीला ओठ निळे, मळमळ, डोकेदुखी. मग हळूहळू शरीराने जुळवून घेतलं: श्वास वाढला, रक्तातलं हिमोग्लोबिन वाढलं. फुप्फुसं स्वतःहून ऑक्सिजन रक्तात ढकलतात, असं मात्र त्यांचं ठाम मत होतं आणि ते चुकीचं निघालं. ऑक्सिजन आपोआपच जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो.

1915 मध्ये पहिल्या महायुद्धात जर्मनीने विषारी वायू सोडला, तेव्हा तो क्लोरीन आहे हे ओळखायला हॉल्डेन यांना फ्रान्सला पाठवलं गेलं. त्या जखमी सैनिकांमुळे ते ऑक्सिजन उपचारांकडे वळले. 1936 मध्ये ऑक्सफर्डला त्यांचं निधन झालं. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन लहानपणी वडिलांसोबत खाणीत उतरायचा. मोठा शास्त्रज्ञ होऊन तो 1957 मध्ये भारतात आला आणि भारताचा नागरिक म्हणूनच 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला.

हे आपल्या कामाचं कसं?

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीसारख्या गावात, बोर धरणाच्या आसपास, शेताशेतांत विहिरी आहेत. गाळ काढायला, मोटार बघायला माणूस आत उतरतो. आधी कंदील सोडून बघायची जुनी पद्धत चांगली, पण अपुरी. ऑक्सिजन 17% च्या आसपास आला की ज्योत विझते, तोवर माणूस शुद्धीवर असतो. पण कार्बन मोनॉक्साइडने ज्योत विझत नाही, आणि शेणाचा गॅस साचला असेल तर ज्योतीनेच स्फोट होतो.

एप्रिल 2024 मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. वाचला तो एकच, ज्याच्या कमरेला दोर बांधला होता.

घड्याळ वाचवेल का? नाही. ऑक्सिमीटर प्रकाश टाकून रक्ताचा रंग वाचतो, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही लालभडकच असतं. गॅस गीझरच्या बंद बाथरूममध्ये किंवा विहिरीत उतरवलेल्या डिझेल इंजिनाजवळ माणूस कोसळत असेल, तरी स्क्रीनवर 98% दिसू शकतं.

म्हणून जुन्या विहिरीत किंवा गॅसच्या टाकीत उतरायची वेळ आली, तर आधी चार वायू मोजणारा गॅस डिटेक्टर दोरीने खाली सोडून बघा. तो नसेल तर उतरू नका. आत कोणी पडलंच, तर मागे उडी मारू नका. 101 किंवा 112 ला फोन लावा.