रुग्णसेविका सावित्रीबाई



दरवर्षी 12 मे रोजी जागतिक परिचारिका दिन पाळला जातो. आपल्या माणच्या धर्मग्रामात परिचारिका भगिनींची संख्या थोडी नाही. कोणी वसईकडच्या, कोणी नगर जिल्ह्यातल्या, कोणी केरळातून आलेल्या. वाकड, थेरगाव, चिंचवड, पिंपरी येथील रुग्णालयांत त्या पाळीने काम करतात. रात्रपाळी आटोपून तशाच रविवारच्या मिस्सेला येऊन बसणाऱ्या भगिनी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

त्यांच्याशी बोलताना आमच्या एक गोष्ट लक्षात येते. जादा पाळ्या, उभे राहून दुखणारे पाय यांविषयी त्या हसून बोलतात. आवाज बदलतो तो माणसांविषयी बोलताना. औषध थुंकणारा, सलाईनची सुई उपटणारा, शिव्या देणारा रुग्ण. एका खाटेभोवती जमणारे दहा नातेवाईक. डॉक्टरांपुढे हात जोडणारे आणि डॉक्टर गेले की सिस्टरवर ओरडणारे. विम्याची मंजुरी अडून डिस्चार्ज लांबला तर त्याचा जाबही तिलाच विचारणारे. आणि अलीकडे मोबाईल काढून तिचे चित्रीकरण करू लागणारे. सेवेच्या ओढीने या कामात आलो आणि आता माणसांचाच वीट येतो, हे मनाला लागलेले शल्य काही जणी बोलून दाखवतात.

या शल्यावर उपदेश करण्याऐवजी आज आम्ही एका स्त्रीचे चरित्र सांगणार आहोत. सावित्रीबाई फुले यांना शिक्षिका म्हणून सारा महाराष्ट्र ओळखतो. 2014 मध्ये पुणे विद्यापीठालाही त्यांचे नाव दिले गेले. परंतु त्यांच्या आयुष्याचा शेवट शाळेत झाला नाही. तो आजाऱ्यांची सेवा करताना झाला, आणि तोही आपल्या याच पुणे जिल्ह्यात.

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. 1840 मध्ये जोतीराव फुले यांच्याशी त्यांचे लग्न झाले, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. 1848 मध्ये पुण्यातील बुधवार पेठेत, भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा होते.

शाळेच्या वाटेवर लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकत, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यातला एक तपशील मात्र आपण चटकन ओलांडून पुढे जातो. सावित्रीबाई एक जादा लुगडे जवळ ठेवत. शाळेत पोहोचल्यावर घाण झालेले लुगडे बदलून त्या वर्गात उभ्या राहत. वाट त्यांनी बदलली नाही, पण शेण अंगावर पडणारच नाही असे स्वतःला खोटेही सांगितले नाही. सोसण्याची तयारी मनात होती आणि तिची तजवीज पिशवीत होती. हे दुसरे लुगडे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे आम्ही त्याकडे परत येणार आहोत.

1863 मध्ये फुले दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्या काळी विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा अनेक घरांत नव्हती. अशी स्त्री गरोदर राहिली तर आत्महत्या किंवा जन्मलेल्या बाळाची हत्या, एवढेच मार्ग तिच्यापुढे उरत. अशा स्त्रियांनी गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती सोय होती. या घरात आलेल्या स्त्रियांची संख्या जोतीरावांनी 1884 मध्ये 35 अशी नोंदवली आहे. त्यांची बाळंतपणे आणि मुलांची देखभाल सावित्रीबाईंनी केली. येणारी बाई भेदरलेली, कोणावरही विश्वास न ठेवणारी, आपले नावसुद्धा सांगायला कचरणारी असणार. आजाऱ्याने आधी नीट वागावे, मग आम्ही सेवा करू, अशी अट घातली असती तर त्या घराचे दार कोणालाच उघडले नसते. याच घरात काशीबाई नावाच्या विधवेला मुलगा झाला. त्याला फुले दांपत्याने दत्तक घेतले, त्याचे नाव यशवंत ठेवले आणि त्याला डॉक्टर केले.

सावित्रीबाईंना आजाऱ्याच्या नातेवाइकाची बाजूही भोगावी लागली. 1888 मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. आयुष्यभर लेखणी चालवलेल्या माणसाचा उजवा हातच गेला होता. जोतीराव हार मानणाऱ्यांपैकी नव्हते. डाव्या हाताने लिहून त्यांनी आपले अखेरचे पुस्तक पूर्ण केले. दोन वर्षांहून अधिक काळ हे दुखणे चालले आणि 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे यावरून वाद निर्माण झाला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः ते हाती घेतले. खाटेवरच्या माणसाकडे रात्र-रात्र पाहत बसणे म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्याकडून ऐकावे लागले नव्हते. ज्यांच्या घरात लांबलेले आजारपण आहे त्यांना हे समजेल.

त्यानंतर प्लेग आला. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे कॅथोलिक डॉक्टर अकॅशियो व्हिएगस यांनी हा रोग प्रथम ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात पोहोचला. प्लेगचा जंतू 1894 मध्ये सापडला होता. मात्र उंदरावरची पिसू तो माणसापर्यंत आणते, हे 1898 मध्ये दिसून आले. रोग बरा करणारे औषध तर नव्हतेच. अशा वेळी पाणी पाजणे, अंग पुसणे, गाठ शेकणे, घाण काढणे आणि जवळ बसणे एवढाच बहुतांशी उपचार होता. म्हणजेच परिचर्या हेच औषध होते.

आणि नेमके याच काळात आजाऱ्यांची घरे रुग्णालयाच्या विरोधात उभी राहिली. ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. ते रुग्णालय म्हणजे आजचे कस्तुरबा रुग्णालय. 4 फेब्रुवारी 1897 रोजी सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात रँड या अधिकाऱ्याच्या हाती प्लेगचा कारभार दिला गेला आणि मार्चच्या मध्यापासून गोरे सैनिक घरोघरी झडती घेऊ लागले. माजघरात आणि देवघरात बूट घालून शिरणे, बायकांची तपासणी, सामानाची जाळपोळ, आजाऱ्याला एकीकडे आणि घरच्यांना दुसरीकडे नेणे, असा तो प्रकार होता. लोक आजारी माणूस माळ्यावर, अडगळीत लपवू लागले. रुग्णालयात गेलेला परत येत नाही, अशी समजूत पसरली. 22 जून 1897 रोजी रँडवर गोळी झाडली गेली. ती झाडणारे चापेकर बंधू आपल्या शेजारच्या चिंचवडचे. एवढा तो संताप होता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे रागाविषयीचे विवेचन आमच्या अभ्यासाला होते. राग आपोआप उपजत नाही, त्याच्या आधी काहीतरी दुखावलेले असते, असा त्याचा मथितार्थ आहे. 1897 चे पुणे हे त्याचे मोठे उदाहरण आहे. आजाऱ्याला लपवणारी आई वाईट नव्हती. तिला आपले मूल अनोळखी हातांत द्यायची भीती वाटत होती, आणि त्या भीतीला कारणही होते.

सावित्रीबाई तेव्हा 66 वर्षांच्या होत्या. यशवंत लष्करी सेवेत डॉक्टर होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात, मोकळ्या रानात, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. या दवाखान्याची रीत वेगळी होती. येथे आजाऱ्याला न्यायला बंदूकवाला शिपाई येत नसे. सावित्रीबाई स्वतः वस्त्यांवर जात आणि आजाऱ्याला घेऊन येत. दाराशी येणारी बाई ओळखीची, आपल्याच भाषेत बोलणारी, आणि जिच्या घरात दुखणे व मरण होऊन गेले आहे अशी होती. घरच्यांची भीती घालवायला याहून मोठा उपाय त्या दिवसांत कोणाजवळ होता, असे आम्हाला वाटत नाही.

मुंढव्याच्या गावाबाहेरील वस्तीत पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना कळले. इतर माणसे ज्या वस्तीची सावलीसुद्धा टाळत, तेथे त्या गेल्या. मुलाला त्यांनी पाठीवर घेतले आणि दवाखान्यापर्यंत आणले. त्यातच त्यांना रोगाची लागण झाली. 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. काही वर्षांनी डॉ. यशवंतही प्लेगच्या रुग्णांवर उपचार करताना त्याच रोगाने गेले.

हे चरित्र सांगून झाल्यावर एक धोका आम्हाला दिसतो. आपल्यापैकी कोणी उद्या वॉर्डातल्या सिस्टरला म्हणेल, बघा, सावित्रीबाईंनी जीव दिला आणि तुम्हाला दोन शब्द ऐकवत नाहीत! असे म्हणणे म्हणजे त्या थोर स्त्रीच्या नावाने दुसरीवर शेण फेकणे होय. सावित्रीबाईंनी जे दिले ते आपणहून दिले. ते दुसऱ्याकडून वसूल करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आता त्या दुसऱ्या लुगड्याकडे येऊ. सहनशीलता ही नुसती मनाची गोष्ट नसते, तिला तजवीज लागते. परिचारिकेची तजवीज म्हणजे वॉर्डात पुरेशी माणसे, वेळेवर सुटी, दारावर रक्षक, आणि शिवी खाल्ल्यावर तिचे ऐकून घेणारी वरिष्ठ. ही तजवीज न करता तिच्याकडून फक्त हसरा चेहरा मागणे अन्यायाचे आहे. कायद्यानेही आता हे मानले आहे. महाराष्ट्रात 2010 पासून रुग्णालयातील कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट 2020 मध्ये घडली. करोनाच्या साथीत एकीकडे थाळ्या वाजत होत्या आणि दुसरीकडे देशात ठिकठिकाणी परिचारिकांना भाड्याची घरे सोडायला सांगितले जात होते. तेव्हा 1897 च्या त्याच साथरोग कायद्यात दुरुस्ती करून, साथीच्या काळात आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्याला तीन महिने ते पाच वर्षे, आणि गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करण्यात आली. जो कायदा एकेकाळी आजाऱ्यांच्या घरात सैनिक घेऊन शिरला, त्याला सव्वाशे वर्षांनी परिचारिकेच्या रक्षणासाठी उभे राहावे लागले. आजाऱ्याचे घर आणि रुग्णालय यांच्यातला अविश्वास किती जुना आहे, हे यावरून कळते.

कायदा मारणारा हात अडवू शकतो. भीती मात्र आपल्यालाच कमी करावी लागेल. परिचारिका भगिनींना आम्ही एवढेच सांगू की वीट येणे म्हणजे पाप नव्हे, तो थकव्याचा आवाज आहे. तो मनात दाबू नका. आपल्या वरिष्ठांना सांगा, लेखी तक्रार द्या, सोबतिणीजवळ बोला, आमच्याकडे या. ओरडणाऱ्या नातेवाइकाच्या रागामागे कोणती भीती आहे हे दिसले तर पुढचा शब्द थोडा सोपा होतो. पण त्याची भीती समजली म्हणून त्याची शिवी सोसलीच पाहिजे असे नाही.

आणि उरलेल्या आपणा सर्वांना, कारण आज ना उद्या आपण खाटेवर किंवा खाटेशेजारी असणारच आहोत: घरातल्या एकाच माणसाने सिस्टरशी बोलावे, बाकीच्यांनी त्याला विचारावे. भेटीची वेळ पाळावी. बिलाचा राग बिलाच्या खिडकीवर न्यावा. भीती वाटत असेल तर ओरडण्याऐवजी भीती वाटते असेच म्हणावे. तेवढे ऐकून घेणारी माणसे वॉर्डात निघतात. सिस्टरचे नाव विचारून घ्यावे, आणि घरी निघताना डॉक्टरांचे आभार मानतो तसे तिचेही मानावेत.

मिस्सेत आपण दर रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. या रविवारपासून त्याच प्रार्थनेत, त्यांच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्यांचीही आठवण करू.

आपला धर्मगुरू