हॉटेलवाल्यांकडे ७ टक्के मागितले आणि कार्डाचा धंदा उभा राहिला : फ्रँक मॅकनामाराची गोष्ट

दुकानात कार्ड स्वाइप झालं की गिऱ्हाईक निघून जातं. दुकानदाराच्या डोक्यात मात्र हिशोब सुरू होतो. पैसे कधी येणार? किती कापून येणार? आणि उद्या गिऱ्हाईकाने हात वर केले तर?

हे प्रश्न आजचे नाहीत. १९५० साली न्यूयॉर्कमधल्या हॉटेलवाल्यांना हेच प्रश्न पडले होते, आणि ते पाडणाऱ्या माणसाचं नाव होतं फ्रँक मॅकनामारा.

मॅकनामाराचा जन्म १९१७ चा. तो न्यूयॉर्कमध्ये हॅमिल्टन क्रेडिट कॉर्पोरेशन नावाची कर्ज देणारी कंपनी चालवायचा. म्हणजे उधारी कशी दिली जाते आणि कशी बुडते, हे त्याने रोज जवळून बघितलेलं.

त्याच्याबद्दल एक गोष्ट जगभर सांगितली जाते. १९४९ साली तो एम्पायर स्टेट बिल्डिंगजवळच्या मेजर्स केबिन ग्रिल या हॉटेलात जेवायला गेला. बिल आलं तेव्हा कळलं की पाकीट घरीच राहिलंय. मग बायकोला पैसे घेऊन यावं लागलं आणि त्या लाजेतून कार्डाची कल्पना सुचली.

गोष्ट भारी आहे, व्हायरल व्हायला एकदम फिट. पण ती कंपनीच्या प्रसिद्धीसाठी रंगवलेली होती, असं कार्डांच्या इतिहासावर लिहिणारे बरेच जण मानतात. दुसरी गोष्ट कमी ऐकलेली आहे आणि धंदा समजून घ्यायला जास्त कामाची आहे.

झालं असं की, मॅकनामाराच्या कंपनीचा एक कर्जदार अडचणीत आला होता. त्या काळी मोठी दुकानं आणि पेट्रोल पंप आपापल्या गिऱ्हाईकांना उधारीची कार्डं द्यायचे. एका दुकानाचं कार्ड दुसऱ्या दुकानात चालायचं नाही. या पठ्ठ्याकडे अशी बरीच कार्डं होती. शेजारच्या गरजू लोकांना तो ती वापरायला द्यायचा आणि खर्चाच्या वर थोडे पैसे लावून वसूल करायचा. शेजाऱ्यांनी पैसे थकवले, दुकानांची बिलं याच्या अंगावर आली, आणि ती फेडायला याने मॅकनामाराच्या कंपनीकडून कर्ज काढलं. तेही थकलं.

दुसऱ्या कुणी त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. मॅकनामाराला त्यात धंदा दिसला. विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये तिसरा कुणी उभा राहिला, त्याने विकणाऱ्याला पैसे देऊन टाकले आणि घेणाऱ्याकडून नंतर वसूल केले, तर दोघंही खूश राहतील आणि मधल्याला त्याची मजुरी मिळेल. फक्त मधला माणूस तगडा पाहिजे.

त्याने वकील राल्फ श्नायडरला सोबत घेतलं. ब्लूमिंगडेल्स या प्रसिद्ध दुकानाच्या संस्थापकांचा नातू आल्फ्रेड ब्लूमिंगडेलही यात आला. फेब्रुवारी १९५० मध्ये डायनर्स क्लब सुरू झाला. हॉटेलं मोजकीच, सभासद सुमारे २००, आणि त्यातले बहुतेक मॅकनामाराच्या ओळखीतले. कार्ड प्लॅस्टिकचं नव्हतं, साध्या पुठ्ठ्याचं होतं.

याआधी असा प्रयोग झालाच नव्हता असं नाही. १९४६ साली ब्रुकलिनमधल्या जॉन बिगिन्स नावाच्या बँकरने ‘चार्ज-इट’ नावाची योजना काढली होती, पण ती त्याच्या बँकेच्या आसपासच्या दुकानांपुरतीच होती. मॅकनामाराची कंपनी बँक नव्हती आणि तिला एका मोहल्ल्यात अडकायचंही नव्हतं.

आता हॉटेलवाल्याच्या जागी उभं राहून बघा. समोरच्या माणसाने जेवण केलं, पुठ्ठा दाखवला, बिलावर सही केली आणि निघून गेला. गल्ल्यात एक पैसाही आला नाही. ती सही केलेली बिलं डायनर्स क्लबकडे पाठवायची. क्लब ७ टक्के कापून बाकीचे पैसे देणार. १० डॉलरच्या बिलामागे हातात ९ डॉलर ३० सेंट. सभासदाला क्लब महिन्याचं एकत्र बिल पाठवणार आणि त्याने ते पूर्ण भरायचं. हप्ते वगैरे भानगड नव्हती. म्हणजे काटेकोर बोलायचं तर हे आजच्या अर्थाने क्रेडिट कार्ड नव्हतंच.

हॉटेलच्या धंद्यात ७ टक्के ही लहान रक्कम नाही. शिवाय कंपनी नवीन होती. ती उद्या बुडाली तर सह्या केलेल्या बिलांचं काय करायचं? साहजिकच अनेक हॉटेलवाल्यांनी नकार दिला. ज्यांची स्वतःची उधारीची कार्डं होती, त्यांना ही नवी स्पर्धा नकोच होती. तिकडे गिऱ्हाईकाचं म्हणणं होतं की कार्ड चारच ठिकाणी चालणार असेल तर घेऊन करायचं काय. दुकानं नाहीत म्हणून सभासद नाहीत आणि सभासद नाहीत म्हणून दुकानं नाहीत, अशी गाडी अडली होती.

ती सुटली ती एका साध्या गणितावर. कार्डवाला माणूस खिशातल्या नोटा मोजून ऑर्डर देत नाही. कंपनीच्या खर्चाने पाहुण्यांना जेवू घालणारे सेल्समन तर महिन्याचं एकच बिल मिळतंय म्हणून कार्ड चालणारं हॉटेलच शोधू लागले. ७ टक्के गेले तरी चालतील, टेबलं भरली पाहिजेत, असं हॉटेलवाल्यांना वाटायला लागलं. १९५० संपेपर्यंत सभासद २० हजारांवर गेले. मग सभासदांकडून वर्षाला ३ डॉलर फी घेणंही सुरू झालं. दुसऱ्या वर्षी कंपनी नफ्यात आली.

आणि इथे मॅकनामाराने तो निर्णय घेतला. हे सगळं चार दिवसांचं फॅड आहे, असं त्याला वाटत होतं. त्याने आपला हिस्सा जोडीदारांना विकला आणि सुमारे २ लाख डॉलर घेऊन तो बाहेर पडला. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती, त्यामुळे त्याला मूर्ख म्हणणं अन्यायाचं होईल. पण हॉटेलवाल्यांना ज्याच्यावर भरवसा ठेवा म्हणून त्याने पटवलं, त्याच्यावर त्याचा स्वतःचाच भरवसा टिकला नव्हता.

नोव्हेंबर १९५७ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय फक्त ४०. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, अमेरिकन एक्स्प्रेसने आपलं कार्ड आणलं आणि बँक ऑफ अमेरिकाने फ्रेस्नो शहरातल्या लोकांना थेट टपालाने ६० हजार कार्डं पाठवली. हेच बँकेचं कार्ड पुढे व्हिसा झालं. मॅकनामाराने यातलं काहीच पाहिलं नाही.

१९६१ साली काली मोदी यांनी डायनर्स क्लब भारतात आणला. पुठ्ठ्याच्या जागी प्लॅस्टिक, मग चिप आणि आता क्यूआर कोड आला, पण मधला माणूस गेला नाही. त्याच्या मजुरीला आता एमडीआर म्हणतात. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर १ जानेवारी २०२० पासून हा आकार शून्य आहे. इतर डेबिट कार्डांसाठी, वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराकडून मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के घेता येतात, अशी मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून लावली आहे. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. तिथे घासाघीस दुकानदारालाच करावी लागते, आणि मशीनचं भाडं, जीएसटी हे वेगळं विचारावं लागतं.

फक्त टक्का बघून मशीन घेणारे पुढे अडकतात ते दुसऱ्याच गोष्टीत. गिऱ्हाईकाने व्यवहारावर हरकत घेतली की जमा झालेले पैसेही परत खेचले जातात. याला चार्जबॅक म्हणतात. तेव्हा पुरावा किती दिवसांत द्यायचा आणि तोवर पैसे कुणाकडे अडकून राहणार, हे करारात लिहिलेलं असतं, फक्त बारीक अक्षरात. ऑनलाइन पेमेंट गोळा करून देणारी कंपनी परवानगी असलेली आहे का, हे तर रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवरच्या यादीत फुकटात बघता येतं. १९५० च्या हॉटेलवाल्याकडे अशी यादी नव्हती. त्याच्याकडे सही केलेलं बिल होतं आणि मॅकनामाराचा शब्द होता.