१४ क्रमांकाची खुर्ची आणि तिचा सुतार

खुर्ची ही वस्तू आपल्या भाषेत प्रामुख्याने सत्तेची खूण म्हणून वावरते. खुर्ची मिळते, खुर्ची जाते, काही जण खुर्चीला चिकटून बसतात. राजकारणातल्या या खुर्चीवर वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरतात. परंतु ज्या लाकडी खुर्चीवर बसून कारकून हिशेब लिहितो, शिक्षक उत्तरपत्रिका तपासतो आणि विद्यार्थी चहाचा एक पेला तासभर पुरवतो, तिच्याविषयी चार ओळी लिहिण्याचे कोणाच्या मनात येत नाही. तिलाही इतिहास आहे, आणि तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आवर्जून वाचावा असा आहे.

आधुनिक फर्निचरचा षोक असणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात काही खुर्च्यांची नावे नेहमी येतात. हॉलंडच्या रीटफेल्टची लाल-निळ्या फळ्यांची खुर्ची, ब्रॉयरची पोलादी नळ्यांची खुर्ची, ही त्यांची दैवते. या खुर्च्या संग्रहालयात ठेवलेल्या असतात आणि त्यांवर बसण्यास मनाई असते. मात्र या सर्वांच्या आधी, १९ व्या शतकाच्या मध्यावर, एका सुताराने जी खुर्ची घडवली ती इतकी सर्वत्र पसरली की तिच्यात काही विलक्षण आहे हेच लोक विसरून गेले. मुंबई-पुण्याच्या जुन्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलांभोवती असणाऱ्या त्या काळपट, गोल पाठीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी या सुताराचे घराणे पाहिले आहे. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत अशा खुर्च्यांवर बसून परीक्षेचा बराच अभ्यास केला. पण ती खुर्ची कोणाची, हा प्रश्न त्याला पुढे कित्येक वर्षे पडला नाही. त्या सुताराचे नाव मिखाएल टोनेट.

कर्जबाजारी कारागीर

टोनेटचा जन्म २ जुलै १७९६ रोजी ऱ्हाइन नदीकाठच्या बोपार्ड या लहानशा गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. मुलाने सुतारकाम पत्करले आणि १८१९ साली स्वतःचे दुकान मांडले. त्या काळी चांगली खुर्ची म्हणजे जाड लाकूड कोरून, खाचा पाडून, सांधे बसवून केलेली खुर्ची. पाठीला बाक द्यायचा तर सरळ लाकडातून तो कापून काढावा लागे. त्यात लाकूड वाया जाई, वेळ जाई आणि रेषा आडव्या कापल्या गेल्यामुळे नेमक्या बाकाच्या जागीच खुर्ची मोडे.

सुमारे १८३० पासून टोनेट निराळ्या वाटेने जाऊ लागला. लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळायच्या, एकावर एक ठेवून साच्यात वाकवायच्या आणि तशाच वाळू द्यायच्या. लाकूड कापून बाक काढण्याऐवजी लाकडालाच बाक घ्यायला लावायचे, ही कल्पना. या पद्धतीने केलेल्या त्याच्या खुर्च्या हलक्या होत्या आणि मजबूतही होत्या. कल्पना चांगली होती, परंतु चांगल्या कल्पनेला भांडवल लागते आणि संरक्षणही लागते. प्रशियात त्याला पेटंट मिळाले नाही. प्रयोगांसाठी काढलेले कर्ज वाढत गेले.

१८४१ साली कोब्लेंझच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निख याच्या दृष्टीस टोनेटचे काम पडले. ज्या मेटर्निखने युरोपातील प्रत्येक नव्या विचाराकडे संशयाने पाहिले, त्याला या नव्या खुर्चीत मात्र काही धोका दिसला नाही! त्याने टोनेटला व्हिएन्नास बोलावले. १८४२ साली तेथे टोनेटला आपल्या पद्धतीचा हक्क मिळाला. परंतु इकडे बोपार्डला सावकारांनी त्याच्या मालमत्तेवर टाच आणली. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, मोठा संसार पाठीशी असताना, हा माणूस परक्या शहरात पुन्हा मजुरीपासून सुरुवात करीत होता. काही वर्षे त्याने कार्ल लाइस्टलर या कारखानदाराच्या हाताखाली राहून लिश्टेनश्टाइन राजघराण्याच्या वाड्यासाठी लाकडी जमिनी आणि खुर्च्या केल्या. १८४९ मध्ये मुलांना हाताशी घेऊन त्याने पुन्हा स्वतःचे दुकान थाटले.

येथे त्याच्या आयुष्याला खरे वळण मिळाले आणि ते राजवाड्याने नव्हे, कॉफीच्या दुकानाने दिले. व्हिएन्नातील डाउम नावाच्या कॅफेने त्याच्याकडून खुर्च्या घेतल्या. राजवाड्याला एकेक अनुपम खुर्ची हवी असते. कॅफेला एकसारख्या, हलक्या, दिवसभर ओढाताण सोसणाऱ्या आणि परवडणाऱ्या पुष्कळ खुर्च्या हव्या असतात. राजाच्या मागणीतून कलाकृती जन्मली असती. कॅफेच्या मागणीतून उद्योग जन्माला आला. पुरवठ्याचे रूप मागणी कसे घडवते हे वर्गात शिकवताना याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

वाफ, लोखंडी पट्टी आणि बीचचे जंगल

१८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात टोनेटला कांस्यपदक मिळाले. १८५३ साली धंदा पाच मुलांच्या नावावर झाला आणि 'टोनेट बंधू' या नावाने तो चालू लागला. माल दूरदेशी जाऊ लागला तशी एक नवी अडचण पुढे आली. सरसाने चिकटवलेल्या पट्ट्यांना दमट हवा मानवत नाही, आणि समुद्रप्रवासात तर ती हमखास लागते. तेव्हा सरस टाळून अखंड लाकूडच वाकवता आले पाहिजे.

हे वाटते तितके सोपे नव्हते. काठी वाकवली की तिची आतली बाजू दाबली जाते व बाहेरची ताणली जाते. वाफेवर मऊ केलेले लाकूड दाब पुष्कळ सोसते, परंतु ताण फारसा सोसत नाही. म्हणून बाहेरची बाजू तडकते. टोनेटने उपाय काढला तो असा: वाकवण्यापूर्वी काठीच्या बाहेरच्या अंगाला एक लोखंडी पट्टी दोन्ही टोकांशी घट्ट आवळायची. पट्टी लांबत नाही, म्हणून लाकडालाही लांबता येत नाही. सारा फरक आतल्या अंगाला दाबाच्या रूपाने पडतो. मग ती काठी लोखंडी साच्यात अडकवून गरम खोलीत वाळवायची. साचा काढला तरी बाक कायम राहतो. ही युक्ती एकदा कळली की साधी वाटते. तिच्यामागे मात्र पंचवीस वर्षांची धडपड होती. १८५६ साली या पद्धतीचा तेरा वर्षांचा एकाधिकार टोनेट बंधूंना मिळाला.

त्याच सुमारास मोरावियातील कोरिचान येथे त्यांनी कारखाना काढला. व्हिएन्ना सोडून तेथे जाण्याचे कारण उघड होते. तेथे बीच वृक्षांची जंगले होती आणि मजुरी स्वस्त होती. अर्थात स्वस्त मजुरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या कारखान्यांत सुतार फार थोडे लागत. लाकूड वाफवणारे, वाकवणारे, घासणारे, पॉलिश करणारे असे प्रत्येकाचे काम वाटलेले असे. वेत विणणे, घासणे, बांधाबांध करणे ही कामे बव्हंशी खेड्यांतील स्त्रिया करीत. ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्यावरून श्रमविभागणी समजावून दिली. टोनेटने ती खुर्चीत उतरवली. स्वतः अस्सल कारागीर असलेल्या या माणसाने अशी पद्धत उभी केली की जिच्यात त्याच्यासारख्या कारागिराची गरजच उरली नाही. या कारखान्यात एखादा तरुण टोनेट कामाला आला असता, तर त्याला आयुष्यभर एकच बाक वाकवीत बसावे लागले असते. यंत्रयुगाने सर्वत्र जो सौदा केला तोच हा होता. वस्तू सर्वांना मिळाली, परंतु तिच्या निर्मितीचा आनंद मात्र थोड्यांच्या हाती उरला.

सहा तुकडे, दहा स्क्रू

१८५९ च्या सुमारास १४ क्रमांकाची खुर्ची बाजारात आली आणि पुढील काही वर्षांत तिला तिचे अंतिम रूप मिळाले. कारखान्याच्या यादीतील अनुक्रमांक हेच तिचे नाव. तिचे भाग सहा. एका लांब काठीच्या कमानीतून पाठ आणि मागचे दोन्ही पाय. तिच्या आत दुसरी लहान कमान. वेताने विणलेले गोल बैठकीचे कडे. पुढचे दोन पाय. आणि चारही पायांना आतून धरून ठेवणारे खालचे कडे. हे भाग जोडायला दहा स्क्रू आणि दोन नट. नक्षी नाही, कोरीव काम नाही, सरस नाही. सुटे केले म्हणजे एक घनमीटरच्या पेटाऱ्यात छत्तीस खुर्च्या मावत. खुर्चीची वाहतूक म्हणजे एरवी बव्हंशी पायांमधल्या रिकाम्या जागेची वाहतूक. टोनेटने ती रिकामी जागा पेटाऱ्याबाहेर काढली. बंदरावर उतरलेला पेटारा उघडून कोणीही साध्या हत्याराने खुर्ची उभी करू शके.

या खुर्चीकडे सौंदर्यदृष्टीने पाहणारे तिच्या वळणाची वाखाणणी करतात. पण ते सौंदर्य वरून चढवलेले नाही. जे काढून टाकता येईल ते काढून टाकले आणि जे उरले ते सुंदर निघाले. काटकसर आणि सौंदर्य ही परस्परविरोधी आहेत, सुबकपणा हा श्रीमंतांचा मामला आहे, गरिबाने टिकाऊपणावर समाधान मानावे, हा समज आपल्याकडे आजही खोलवर रुजलेला आहे. सरकारी कचेऱ्या आणि शाळा यांच्या लाकूडसामानाकडे पाहिले की त्याची खात्री पटते. १४ क्रमांकाच्या खुर्चीने हा समज १६० वर्षांहून अधिक काळापूर्वी खोटा ठरवला. तिची किंमत कमी होती म्हणून ती सुंदर नव्हती असे झाले नाही. ज्या कारणांनी ती स्वस्त झाली त्याच कारणांनी ती सुंदर झाली.

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात टोनेट बंधूंना सुवर्णपदक मिळाले. १८६९ साली तो एकाधिकार संपला आणि कोन पितापुत्रांसारखे प्रतिस्पर्धी त्याच पद्धतीने खुर्च्या करू लागले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ३ मार्च १८७१ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी टोनेटचे व्हिएन्नात निधन झाले. ज्याला तरुणपणी संरक्षणाअभावी सर्वस्व गमवावे लागले, त्याला पुढे संरक्षण मिळाले तेव्हा तो संपन्न झाला; आणि ते संरक्षण मुदतीचे होते म्हणून त्याची खुर्ची जगाची झाली. पेटंटच्या बाजूने आणि विरोधात वाद घालणाऱ्या दोघांनाही या एका चरित्रात आपापला पुरावा सापडेल. खरे शहाणपण त्या मुदतीत आहे, असे मला वाटते.

प्रतिस्पर्ध्यांमुळे टोनेट बंधू बुडाले नाहीत. १९०० च्या सुमारास त्यांच्या कारखान्यांतून सुमारे सहा हजार माणसे काम करीत होती. १९३० पर्यंत १४ क्रमांकाच्या सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या, असे सांगितले जाते. नक्कल केलेल्या खुर्च्यांची गणती वेगळीच. चंदीगढची आखणी करणाऱ्या ल कॉर्ब्युझिएने १९२५ साली पॅरिसमध्ये आपल्या कल्पनेतील आधुनिक घर मांडून दाखवले, तेव्हा त्यात टोनेटच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या ठेवल्या. पुढे ब्रॉयरसारख्यांच्या पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांचे उत्पादनही याच कंपनीने केले. नळी वाकवून खुर्ची करण्याचे बीज वाफवलेल्या काठीत होते, हे यावरून ध्यानात यावे. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांपैकी बिस्ट्रित्स येथे आजही ती खुर्ची तयार होते. साम्राज्य गेले, मालक बदलले, राजवटी बदलल्या, खुर्ची मात्र राहिली. भाषेतल्या खुर्चीच्या अगदी उलट!

मोडले तर काय?

आज आपल्या मंगल कार्यालयांत, सभांत, घरांच्या ओट्यांवर जी साच्यातून काढलेली प्लॅस्टिकची खुर्ची दिसते, ती एका अर्थाने टोनेटचीच वारस आहे. हलकी, स्वस्त, सर्वांना परवडणारी, एकात एक रचून ठेवता येणारी. तिला नावे ठेवण्याचा अधिकार सुखवस्तू रसिकांना नाही. तिने कोट्यवधी माणसांना जमिनीवरून उठवून बसवले आहे. तथापि एका बाबतीत तिने वारसा सोडला. तिचा पाय मोडला की ती संपली. १४ क्रमांकाच्या खुर्चीचा पाय मोडला तर स्क्रू काढून दुसरा पाय लावता येतो. वेत फाटला तर पुन्हा विणता येतो. हिशेबाच्या वहीत आपण खरेदीची किंमत लिहितो, दुरुस्तीची सोय लिहीत नाही, आणि फेकून दिलेल्या वस्तूचा भार तर कोणाच्याच खात्यावर पडत नाही. टोनेटने स्वस्ताई साधली ती वस्तू मोडल्यावर काय, या प्रश्नाचे उत्तर खुर्चीतच ठेवून.

इराणी हॉटेले एकामागून एक बंद होत आहेत. जी उरली आहेत तेथे कधी जाणे झाले तर बसण्यापूर्वी खुर्ची क्षणभर उलटी करून पाहावी. बैठकीखाली झिजलेले स्क्रू दिसतील. एखादा पाय इतरांहून उजळ रंगाचा, म्हणजे मागाहून लावलेला, असण्याचाही संभव आहे. ती टोनेटच्या कारखान्याची असेल, प्रतिस्पर्ध्याची असेल किंवा निव्वळ नक्कल असेल. त्याने विशेष फरक पडत नाही. तो बदललेला पाय ज्या विचारामुळे बसवता आला, तो विचार ऱ्हाइनकाठच्या एका कर्जबाजारी सुताराचा होता.