ओहम मास्तर

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी संगीत ऐकण्याचे यंत्र असेल त्यांनी त्याच्या स्पीकरची पाठ एकवार अवश्य पाहावी. तेथे ४, ६ किंवा ८ असा एखादा आकडा व त्यापुढे ओहम हा शब्द छापलेला आढळेल. हा शब्द म्हणजे एका गृहस्थाचे आडनाव आहे व ते गृहस्थ आमच्याप्रमाणेच हायस्कुलातील मास्तर होते, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलुपे घडविणारे कारागीर. त्यांस शाळेचे शिक्षण असे मिळाले नव्हते; परंतु पोटाचा धंदा सांभाळून त्यांनी स्वतःच्या हिमतीवर गणिताचा व्यासंग केला आणि जॉर्ज व मार्टिन या दोघा पुत्रांस घरीच त्याचे धडे दिले. आमच्या पनवेलीत पूर्वी बैलगाडीची चाके करणाऱ्या कारागिरांची मुले जशी बापाच्या हाताखाली आरी बसवावयास शिकत, तसाच जॉर्जचा हात लोखंड व तारा यांवर बसला. तो दहा वर्षांचा असतानाच मातृसुखास अंतरला.

सोळाव्या वर्षी तो विश्वविद्यालयात दाखल झाला खरा; परंतु तेथे नाच, बिलियर्ड व बर्फावरील घसरण्याचा खेळ यांतच त्याचा वेळ जाऊ लागला. बापाच्या कानी हे जाताच त्याने पोरास तेथून काढले व स्वित्झर्लंडातील एका शाळेवर गणित शिकविण्यास पाठविले. आमच्या मते बापाचा हा राग मुलाच्या पथ्यावरच पडला. शिकवीत असतानाच त्याने स्वतःचा अभ्यास पुरा केला, आणि १८११ साली एर्लांगेनलाच परत येऊन डॉक्टर ही पदवी मिळविली.

पुढे काही वर्षे हलाखीत काढल्यावर १८१७ साली त्यांस कोलोन शहरी, जेझुइट धर्मगुरूंनी पूर्वी स्थापिलेल्या विद्यालयात, गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याची जागा मिळाली. शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. दिवसभर वर्ग घ्यावेत व उरल्या वेळी प्रयोग करावेत असा त्यांचा क्रम पडला. तारेची लांबी वाढविली असता तीतून वाहणारी वीज किती कमी होते, हे त्यांस मोजावयाचे होते. १८२५ साली त्यांनी जो नियम प्रसिद्ध केला तो चुकीचा निघाला. कारण त्या काळची बॅटरी प्रयोग चालू असतानाच मंदावत जाई. ही चूक ओहम यांनी झाकून ठेविली नाही. पोगेनडॉर्फ या संपादकाच्या सूचनेवरून त्यांनी बॅटरी बाजूस सारली आणि बिस्मथ व तांबे या धातूंचा जोड घेऊन त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेविले. अशा रीतीने विजेचा दाब स्थिर झाला. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या आठ तारा एकामागून एक जोडून त्यांनी मोजमापे घेतली. दाब तोच राहिला तर विरोध दुप्पट होताच प्रवाह निम्मा होतो, हा नियम १८२६ साली हाती आला.

हा नियम न जाणल्याने काय होते ते आम्ही आमच्या सभागृहात पाहिले आहे. स्नेहसंमेलनाच्या आदल्या सायंकाळी आणविलेल्या कारागिराने ८ ओहमचे चारही स्पीकर ॲम्प्लिफायरच्या त्याच दोन तारांस समांतर जोडले. विरोध अवघा २ ओहम राहिला, प्रवाह बेसुमार वाढला आणि यंत्र तापून मुके झाले. दहावीच्या मुलांनी फळ्यावर गणित मांडले, दोन दोन स्पीकर एकापुढे एक जोडून १६ ओहमच्या दोन जोड्या केल्या व त्या जोड्या समांतर लावून पुन्हा ८ ओहम साधले. सुदैवाने यंत्र जळाले नव्हते. नाटक वेळेवर सुरू झाले.

ओहम यांचे नशीब मात्र इतके सरळ नव्हते. रजा घेऊन, अर्ध्या पगारावर बर्लिनला राहून त्यांनी ग्रंथ लिहिला व तो १८२७ साली छापला. विद्वानांनी त्याकडे पाठ फिरविली. शिक्षणखात्यातील वरिष्ठांसही गणिताच्या भाषेतील हे पदार्थविज्ञान रुचले नाही. आपल्या श्रमाची ही संभावना पाहून ओहम यांनी १८२८ साली कोलोनच्या जागेचा राजीनामा दिला व पुढील पाच वर्षे बर्लिनमध्ये तुटपुंज्या कमाईवर काढली. राजीनामा देण्यात त्यांनी उतावीळ केली असे कोणी म्हणेल. पंचवीस वर्षे खडू हाती धरणाऱ्या आम्हांस तसे म्हणवत नाही.

१८३३ साली न्यूरेंबर्गच्या तंत्रविद्यालयात त्यांस जागा मिळाली, आणि १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक देऊन त्यांचा गौरव केला. मायभूमीच्या आधी परक्यांनी त्यांची किंमत ओळखली.

यानंतर त्यांनी नादाकडे लक्ष वळविले. कोणताही मिश्र स्वर अनेक शुद्ध स्वरांचा बनलेला असतो व आपला कान ते वेगळे करून ऐकतो, असे त्यांनी १८४३ साली प्रतिपादन केले. त्यावरही वाद माजला. त्यांच्या पश्चात हेल्महोल्ट्झ या थोर शास्त्रज्ञाने तो सिद्धांत उचलून धरला. आजच्या स्पीकरच्या पेटीतील क्रॉसओव्हर नादाची अशीच वाटणी करतो. तारेचे वेटोळे उंच स्वरांस अडविते व खर्ज वूफरकडे जाऊ देते. कपॅसिटर खर्ज अडवून उंच स्वर ट्वीटरला देतो. जुन्या पेटीतील ट्वीटर क्षीण झाला तर तो फेकण्यापूर्वी पालकांनी हा कपॅसिटर सुकला आहे काय ते तपासून घ्यावे. पुष्कळदा दोष तेथेच असतो. तसेच ८ ओहमच्या स्पीकरवर मीटरने ६ च्या आसपास आकडा दाखविला तर घाबरू नये. मीटर केवळ वेटोळ्याच्या तारेचा विरोध मोजतो. नाद चालू असता होणारा विरोध त्याहून अधिक असतो.

म्युनिकच्या विश्वविद्यालयातील पदार्थविज्ञानाचे अध्यासन ओहम यांस १८५२ साली मिळाले, तेव्हा त्यांचे वय त्रेसष्ट होते. कोलोन सोडताना जी आशा धरली होती ती अशी उतारवयात फळास आली, आणि दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, त्यांचे देहावसान झाले. ते आजन्म अविवाहित होते. पॅरिस येथे १८८१ साली भरलेल्या विद्युत्परिषदेने विरोधाच्या मापास त्यांचे नाव अधिकृतपणे मान्य केले.