ऑटोगायरोचा जनक : ह्वान दे ला सिएर्वा

कवठेमहांकाळ तालुक्यातील ढालगाव परिसरात किंवा पाटण तालुक्यातील वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती फिरताना सांगली-साताऱ्याच्या लोकांनी अनेकदा पाहिली आहेत. त्या पात्यांना फिरवायला कोणतीही मोटर लागत नाही. वारा आला की ती आपोआप फिरतात. अशीच एक पवनचक्की आडवी करून विमानाच्या डोक्यावर बसवली, तर पुढे जाणाऱ्या विमानाचा वाराच तिला फिरवील आणि ती विमानाला हवेत तोलून धरील, हा विचार १९२० मध्ये एका चोवीस वर्षांच्या स्पॅनिश अभियंत्याने केला. विचार योग्य होता, पण विमान काही केल्या उडेना. अखेरीस ज्या वस्तूने ते उडाले, ती कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही टर्नरला नवी वाटणार नाही. ती होती एक बिजागरी. पात्याच्या बुंध्याशी बसवलेल्या या बिजागरीने ऑटोगायरो अथवा जायरोप्लेन हे यंत्र प्रत्यक्षात आले आणि पुढे हेलिकॉप्टरचाही मार्ग मोकळा झाला. तिचा कर्ता ह्वान दे ला सिएर्वा.

सिएर्वा यांचा जन्म २१ सप्टेंबर १८९५ रोजी स्पेनच्या मुर्सिया शहरात झाला. घराणे सधन आणि राजकारणात मुरलेले. वडील नामांकित वकील होते आणि त्यांनी स्पेनच्या मंत्रिमंडळात अनेक वर्षे महत्त्वाची खाती सांभाळली. मुलाने कायदा आणि राजकारण यांची वाट धरावी, असे कोणालाही वाटले असते. मात्र ह्वान लहान असतानाच युरोपात विमानाचे वेड पसरले आणि माद्रिदला राहायला आलेला हा मुलगा त्यात पुरता अडकला. होसे बार्काला आणि पाब्लो दियाज या दोन मित्रांना हाताशी धरून त्याने आधी ग्लायडर केले. मुलेच ती, उड्याही माणसाच्या उंचीच्या आसपास. पण त्यातून हात बसला.

१९१२ मध्ये या तिघांनी खरे विमान करायला घेतले. झ्याँ मोव्हे या फ्रेंच वैमानिकाचे एक विमान मोडून पडले होते. त्याचे इंजिन आणि उपयोगी पडतील ते भाग घेऊन त्यांनी नवे विमान जुळवले. दियाजच्या घरी सुतारकामाचा व्यवसाय असल्याने लाकूड तासण्याची अडचण नव्हती. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून विमानाचे नाव बीसीडी-१ ठेवले गेले. पण अंगाला तांबडा रंग दिल्यामुळे लोक त्याला खेकडाच म्हणू लागले. मोव्हे यांनीच ते माद्रिदजवळच्या क्वात्रो व्हिएन्तोस तळावर उडवून दाखवले. स्पेनमध्ये बांधले जाऊन उडालेले हे पहिले विमान मानले जाते. त्या वेळी सिएर्वा यांना सतरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. (आपल्याकडे कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बांधले आणि ते २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले, हे वाचकांना आठवत असेल. घरच्या घरी विमान बांधण्याची हौस सर्वत्र अशीच, मिळेल त्या जागेत वाढते.)

पुढे सिएर्वा यांनी स्थापत्य अभियांत्रिकीचे खडतर शिक्षण पूर्ण केले. १९१९ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी मुर्सियातून ते स्पेनच्या संसदेवर निवडूनही गेले. परंतु त्यांच्या आयुष्याला वळण देणारी त्या वर्षीची घटना वेगळीच होती. स्पॅनिश लष्कराने जाहीर केलेल्या स्पर्धेसाठी त्यांनी तीन इंजिनांचे एक मोठे बॉम्बफेकी विमान तयार केले होते. चाचणीच्या वेळी कॅप्टन रिओस यांनी ते कमी उंचीवर वळवले. वेग घटला, पंखांवरचा उचल देणारा हवेचा प्रवाह तुटला आणि विमान खाली कोसळले. रिओस बचावले, विमान मात्र गेले. विमानशास्त्रात या अवस्थेला स्टॉल म्हणतात. पंख स्थिर असतात. त्यांना हवेवर पेलायचे तर सबंध विमानाला वेगाने पुढे पळावे लागते. वेग गेला की आधार गेला.

हा दोष वैमानिकाचा नसून रचनेचाच आहे, अशी सिएर्वा यांची खात्री पटली. मग विमानाच्या वेगावर अवलंबून नसलेला पंख हवा. विमान थांबले तरी पंख फिरत राहिला पाहिजे. हेलिकॉप्टरची कल्पना तेव्हा नवी नव्हती, पण त्यात इंजिनाने पंख फिरवायचा असल्याने इंजिन बंद पडले की पुन्हा संकट होतेच. सिएर्वा यांनी वेगळी युक्ती योजली. इंजिन फक्त पुढच्या प्रोपेलरला फिरवील आणि विमानाला ओढील. डोक्यावरचा रोटर मोकळा राहील, किंचित मागे कललेला. समोरून येणारी हवा त्याच्या खालून वर जाईल आणि त्याला फिरवत ठेवील. इंजिन बंद पडले, तर विमान खाली येऊ लागेल. पण खाली येतानाही हवा खालूनच वर जाणार, म्हणजे रोटर फिरतच राहणार आणि यंत्र सावकाश जमिनीवर टेकणार. १९२० मध्ये त्यांनी या रचनेचे पेटंट घेतले आणि तिला ऑटोगायरो हे नाव दिले.

पहिल्या यंत्रात एकावर एक असे उलट दिशांनी फिरणारे दोन रोटर होते. जमिनीवर धावताना ते एका बाजूला कलले. नंतर एकच रोटर ठेवून तीन पात्यांचे एक व पाच पात्यांचे एक अशी आणखी दोन यंत्रे झाली. तीही धावपट्टीवर वेग घेतला की कुशीवर पडत. पाती मोडत, दुरुस्त होत आणि पुन्हा मोडत. सगळा खर्च बहुतांशी घरचा होता. दोन वर्षे हेच चालले. एखाद्या श्रीमंत घरातील मुलाचा छंद म्हणून लोकांनी त्याकडे पाहिले असल्यास नवल नाही.

यंत्र का कलत होते, हे समजण्यासाठी सायकलचे उदाहरण पुरेसे आहे. वाऱ्याच्या विरुद्ध सायकल चालवताना वारा अंगावर जोरात येतो, वाऱ्याबरोबर चालवताना तो जाणवतही नाही. विमान पुढे जात असताना रोटरच्या एका बाजूचे पाते वाऱ्यावर चाल करून जाते आणि दुसऱ्या बाजूचे वाऱ्याबरोबर मागे येते. पुढे जाणाऱ्या पात्याला जास्त हवा मिळते, म्हणून जास्त उचल मिळते. मागे येणाऱ्याला कमी. दोन्ही पाती दांड्याला घट्ट आवळलेली असली की ही तफावत थेट विमानाला पोहोचते आणि ते उलटते.

विचित्र असे की सिएर्वा यांनी केलेली छोटी प्रतिकृती मात्र न कलता उडत होती. मोठे यंत्र पडते आणि तेच लहान केले की उडते, याचा अर्थ काय? शोध घेता उत्तर साहित्यात सापडले. प्रतिकृतीची पाती वेताची होती. ती लवत होती. जास्त उचल मिळालेले पाते वर वाकत होते आणि वर जाता जाता आपली जादा उचल गमावत होते. मोठ्या यंत्राची पाती ताठ होती, म्हणून सगळा भार धडावर येत होता. मोठी पाती वेताची करता येणार नव्हती. मग त्यांनी प्रत्येक पात्याच्या बुंध्याशी आडवी बिजागरी बसवली. आता पाते हवे तेव्हा वर उचलले जाई, हवे तेव्हा खाली येई. ते अगदीच वर उलटून जाणार नाही, याची काळजी फिरण्याच्या वेगातून निर्माण होणारी बाहेर ओढणारी शक्ती घेत असे. इतके दिवस जे अधिकाधिक भक्कम करण्याचा प्रयत्न चालला होता, ते ढिले सोडताच काम झाले.

जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या हेताफे विमानतळावर सी-४ हे यंत्र लेफ्टनंट आलेहांद्रो गोमेझ स्पेन्सर यांनी जमिनीवरून उचलले. याच चाचण्यांमध्ये एकदा नाक बरेच वर असताना, जमिनीपासून थोड्याच उंचीवर इंजिन बंद पडले. साध्या विमानाचा तेथे चुराडा झाला असता. सी-४ मात्र जवळजवळ उभेच खाली आले आणि टेकले. वैमानिकाला इजा झाली नाही. सिएर्वा यांना जे सिद्ध करायचे होते, ते अपघातानेच सिद्ध करून दिले. महिन्याच्या अखेरीस क्वात्रो व्हिएन्तोसवर या यंत्राने सुमारे ४ किलोमीटरची फेरी पूर्ण केली. डिसेंबर १९२४ मध्ये कॅप्टन होआकिन लोरिगा सी-६ घेऊन क्वात्रो व्हिएन्तोसहून हेताफेला गेले.

१९२५ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधील फार्नबरो येथे फ्रँक कोर्टनी यांनी ऑटोगायरो उडवून दाखवला. ब्रिटिश हवाई मंत्रालयाचे अधिकारी प्रभावित झाले आणि पुढच्याच वर्षी जेम्स वेअर या स्कॉटिश उद्योजकाच्या भांडवलावर सिएर्वा ऑटोगायरो कंपनी उभी राहिली. तथापि बिजागरीचे काम अजून पुरे झाले नव्हते. वर-खाली होणारे पाते फिरताना थोडे पुढे-मागेही झटके खाते आणि त्या ताणाने बुंधा थकतो. फेब्रुवारी १९२७ मध्ये कोर्टनी उडत असताना पाते निखळले व यंत्र कोसळले. ते जिवंत राहिले, हे नशीब. त्यानंतर सिएर्वा यांनी पात्याला दुसरी, उभ्या आसाची बिजागरी दिली. त्याच सुमारास ते स्वतः उडायला शिकले आणि पुढे आपल्या यंत्रांच्या अनेक चाचण्या त्यांनी स्वतः केल्या. कागदावर आकडेमोड करणारा आणि चाचणीला बसणारा माणूस एकच असल्याचा फायदा पुढच्या प्रत्येक यंत्रात दिसतो.

१८ सप्टेंबर १९२८ रोजी त्यांनी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून एका प्रवाशासह उड्डाण केले आणि इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसचे ल बुर्जे गाठले. फिरत्या पंखांच्या यंत्राने खाडी पार करण्याची ही पहिलीच वेळ. अमेरिकेत हॅरोल्ड पिटकेर्न यांनी परवाना घेऊन ऑटोगायरो बांधले. १९३१ मध्ये त्यातील एक थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उतरला. १९३२ मध्ये सिएर्वा यांना गुगनहाइम पदक मिळाले.

रोटरला सुरुवातीची गती देण्यासाठी पूर्वी त्याला दोरी गुंडाळून माणसे ओढत असत, भोवरा फिरवावा तशी. पुढे इंजिनाचाच जोर क्लचने थोडा वेळ रोटरला देण्याची सोय झाली. सी-३० या यंत्रात तर बाजूचे पंखही गेले. वैमानिक वरून लोंबणाऱ्या दांड्याने रोटरचा माथाच हवा तिकडे कलवी. मार्च १९३४ मध्ये व्हॅलेन्सियाजवळ 'देदालो' या स्पॅनिश नौदलाच्या जहाजावर सिएर्वा हे यंत्र घेऊन उतरले आणि थोड्याशा धावेत पुन्हा उडाले. कुपवाडजवळ कवलापूरला जुन्या धावपट्टीची जी जागा आहे, तिचा एक कोपराही सी-३० ला पुरला असता. जुलै १९३६ मध्ये अॅलन मार्श यांनी न धावता जागच्या जागी उडी घेऊन वर जाणारा ऑटोगायरो लंडनजवळ दाखवला.

त्याच महिन्यात सिएर्वा यांच्या हातून आणखी एक काम झाले, आणि त्याकडे डोळेझाक करून त्यांचे चरित्र सांगता येत नाही. ते राजेशाहीचे समर्थक होते. स्पेनमधील लोकनियुक्त प्रजासत्ताक सरकारविरुद्ध लष्करी उठावाची तयारी चालू होती आणि जनरल फ्रँको यांना कॅनरी बेटांवरून मोरोक्कोला नेण्यासाठी विमान हवे होते. लंडनमध्ये असलेल्या सिएर्वा यांनी योग्य विमान सुचवले व ते भाड्याने मिळवण्यास मदत केली. ११ जुलैला ते विमान क्रॉयडनहून निघाले. त्यानंतर पेटलेल्या यादवीत लाखो माणसे मेली; त्यांत नोव्हेंबरमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूच्या लोकांनी ठार केलेला सिएर्वा यांचा भाऊ रिकार्दो हाही होता. अलीकडच्या वर्षांत मुर्सियाच्या विमानतळाला सिएर्वा यांचे नाव देण्याची प्रादेशिक सरकारची मागणी याच कारणावरून केंद्र सरकारने फेटाळली. संशोधकाचे श्रेय आणि नागरिकाची जबाबदारी यांचा हिशेब स्पेनमध्ये अजून मिटलेला नाही.

९ डिसेंबर १९३६ च्या सकाळी क्रॉयडनवर दाट धुके होते. ॲमस्टरडॅमला निघालेले केएलएम कंपनीचे डीसी-२ विमान उडताच जवळच्या घरांवर जाऊन आदळले. मृतांमध्ये स्वीडनचे माजी पंतप्रधान आर्विद लिंडमन आणि ह्वान दे ला सिएर्वा होते. सिएर्वा तेव्हा ४१ वर्षांचे होते. ते ज्या विमानात मेले, त्याचे पंख स्थिर होते.

ऑटोगायरोचे नाव त्यानंतर मागे पडले. काही वर्षांतच हेलिकॉप्टर यशस्वी झाले आणि त्याच्या रोटरमध्ये सिएर्वा यांच्या बिजागऱ्या जशाच्या तशा गेल्या. इंजिन बंद पडलेले हेलिकॉप्टर रोटर मोकळा सोडून उतरवतात, तेव्हा ते काही मिनिटांपुरते ऑटोगायरोच असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने सी-३० यंत्रे रडार केंद्रांची अचूकता तपासण्यासाठी वापरली, कारण एकाच जागी संथ घिरट्या घालणे इतर विमानांना जमत नव्हते.

घरी बांधण्याचे जायरोप्लेन मात्र अमेरिकेत पुन्हा जन्माला आले. रशियात जन्मलेले अभियंते इगोर बेन्सन यांनी १९५० च्या दशकात अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, दोन पाती आणि मधोमध एकच बिजागरी असे यंत्र तयार केले. एक पाते वर गेले की दुसरे खाली येई, सी-सॉसारखे. त्याचे आराखडे मागवून अनेक हौशी माणसांनी आपापल्या गॅरेजमध्ये जायरोप्लेन बांधले. त्यातले पुष्कळ जण शिक्षणाविना उडाले आणि दगावलेही. या यंत्राला स्टॉल नसला, तरी हवेत नाक एकदम खाली दाबले की रोटरवरचा भार जातो, त्याची गती मंदावते आणि मग तो सावरता येत नाही. म्हणूनच नवशिक्याने आधी इंजिन न लावलेले यंत्र मोटारीमागे दोराने ओढवून घ्यावे, जमिनीपासून हातभर वर राहून रोटरचे वागणे ओळखावे आणि मगच इंजिन बसवावे, ही पद्धत बेन्सन यांच्या यंत्रांबरोबर रूढ झाली.